डोपामिन, प्रकृती आणि कपिकच्छूचे चूर्ण

आपल्या व्यवसायात गेल्या काही वर्षांपासून एक नवा शब्द स्थिरावला आहे. परिसंवादांतील व्याख्याने, औषधनिर्मात्यांची माहितीपत्रके आणि अलीकडे तर थेट रुग्णांचे प्रश्न यांतून 'डोपामिन' हा शब्द वारंवार कानी पडतो. एका माहितीपत्रकात चंचल, उत्साही, वातप्रकृतीच्या माणसात डोपामिन अधिक असते असे विधान आढळते. दुसऱ्यात डोपामिन म्हणजेच रजोगुण होय असा निर्वाळा दिलेला असतो. तिसऱ्यात ज्यांना काम सुरू करण्याचा कंटाळा येतो ते कफप्रकृतीचे लोक डोपामिनच्या न्यूनतेने ग्रासलेले असतात असे सांगितलेले असते. या तीन मतांत परस्पर मेळ नाही. तिन्ही माहितीपत्रकांचा शेवट मात्र एकाच ठिकाणी होतो, तो म्हणजे कपिकच्छूची कॅप्सूल, सकाळ-संध्याकाळ एकेक.

हा विषय हसण्यावारी नेण्याजोगा नाही असे आम्हांस वाटते. कपिकच्छू हे निरुपद्रवी पौष्टिक चूर्ण नव्हे. मेंदूतील डोपामिनवर प्रत्यक्ष परिणाम करणारे ते समर्थ औषध आहे आणि नेमक्या याच कारणास्तव ते स्वभाव पालटण्याचे औषध म्हणून विकले जाऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. या मताची कारणे आधुनिक संशोधनात जशी आहेत तशीच आपल्या संहितांतही आहेत. ती येथे मांडण्याचा विचार आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहू. कारण डोपामिनच्या शोधाचा मार्ग आपल्या औषधांच्या कपाटातून गेला आहे, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांच्या लक्षात नसते. सर्पगंधा बिहारमध्ये पूर्वापार 'पागल की दवा' म्हणून परिचित होती. कलकत्त्याचे महामहोपाध्याय गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये उन्माद व रक्तदाबवृद्धी या दोन्हींवरील तिच्या उपयोगाची नोंद प्रसिद्ध केली. मुंबईचे हृद्रोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश नियतकालिकात रक्तदाबाच्या रुग्णांवरील अनुभव मांडला, तेव्हा पाश्चात्त्य जगाचे लक्ष या मुळीकडे वळले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रिसर्पिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले. पुढे स्वीडनमधील आर्विद कार्लसन यांनी सशांना रिसर्पिन दिले. सशांच्या हालचाली थांबल्या, कान पडले, ते गोळा होऊन बसून राहिले. मग त्यांना लेवोडोपा टोचताच काही मिनिटांत ते पूर्ववत हिंडू-फिरू लागले. १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगातून आणि त्यापाठोपाठच्या कामातून डोपामिन हे मेंदूतील स्वतंत्र संदेशवाहक द्रव्य आहे, हे उघड झाले. या कार्याबद्दल कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूत हे द्रव्य अत्यल्प असते हे व्हिएन्नामध्ये १९६० साली दिसून आले आणि लेवोडोपाची चिकित्सा जन्मास आली.

या कथेतील लेवोडोपा हे दुसरे द्रव्यही आपल्याला परके नाही. मद्रासच्या दामोदरन व रामस्वामी यांनी ते कपिकच्छूच्या बियांतून १९३७ मध्येच वेगळे केले होते. म्हणजे डोपामिन घटवणारी मुळी आणि डोपामिन वाढवणारे बी ही दोन्ही आपल्या औषधालयांत शेजारशेजारच्या बरण्यांत आहेत. याचा अभिमान वाटणे स्वाभाविकच आहे. तथापि या दोन औषधांनी प्रत्यक्षात काय शिकवले, हे नीट ध्यानात घ्यावयास हवे. सर्पगंधेने सशाची हालचाल गेली आणि लेवोडोपाने ती परत आली. त्यातून सशाचा स्वभाव भित्रा की धीट याचा कोणताही निर्णय झाला नाही. गती आणि प्रवृत्ती एवढीच त्या प्रयोगाची कक्षा होती.

स्वभावाचा प्रश्न निराळ्या वाटेने आला. अमेरिकेतील मानसरोगतज्ज्ञ रॉबर्ट क्लोनिंजर यांनी १९८७ मध्ये व्यक्तिमत्त्वाची तीन अंगे कल्पून प्रत्येकाची सांगड एकेका संदेशवाहक द्रव्याशी घातली. नावीन्याची ओढ डोपामिनशी, अनिष्ट टाळण्याची वृत्ती सेरोटोनिनशी आणि मिळणाऱ्या कौतुकावर विसंबण्याची वृत्ती नॉरॲड्रेनॅलिनशी, अशी ती विभागणी होती. तीन हा आकडा दिसला की आपल्यापैकी काहींना त्रिदोषांची आठवण होते. पण तीन पाय तिवईलाही असतात. क्लोनिंजर यांची मांडणी बुद्धिमान होती, तपासून पाहण्याजोगी होती आणि ती तपासलीही गेली. १९९६ च्या जानेवारीत इस्राएल व अमेरिका येथील दोन गटांनी एकाच वेळी जाहीर केले की, डोपामिनच्या चौथ्या प्रकारच्या ग्राहीचे जनुक ज्यांच्यात विशिष्ट लांबीचे असते त्यांच्यात नावीन्याची ओढ अधिक दिसते. वृत्तपत्रांनी 'साहसाचे जनुक सापडले' असे मथळे दिले. त्यानंतर अनेक देशांत हेच निरीक्षण पुन्हा घेण्याचा प्रयत्न झाला. २००२ पासून २००८ पर्यंत त्या साऱ्या अभ्यासांचे एकत्रित परीक्षण झाले आणि जनुकाच्या त्या लांबीचा नावीन्याच्या ओढीशी खात्रीचा संबंध आढळला नाही. या पुनर्तपासणीला मात्र पहिल्या बातमीचे भाग्य लाभले नाही. आमच्याकडे आलेल्या एका माहितीपत्रकात १९९६ चाच निष्कर्ष अद्याप ताजा म्हणून छापलेला आहे.

याचा अर्थ डोपामिनचा आणि स्वभावाचा काहीच संबंध नाही असा नव्हे. उत्साह, बहिर्मुखता, नव्याचा शोध घेण्याची वृत्ती यांच्याशी डोपामिनच्या यंत्रणेचे नाते असावे, याला आधार आहे. २००८ मध्ये ३४ निरोगी व्यक्तींच्या मेंदूच्या चित्रणातून असे दिसले की, डोपामिन स्रवणाऱ्या पेशींवरील 'स्वयंग्राही' ज्यांच्यात कमी उपलब्ध असतात त्यांचा नावीन्यशोधाचा गुणांक जास्त येतो. हे स्वयंग्राही त्या पेशींना आवर घालण्याचे काम करतात. येथे मुद्दा डोपामिनच्या साठ्याचा नसून लगामाचा आहे, हे वाचकांच्या लक्षात येईल. एखाद्याच्या मेंदूत डोपामिन 'किती' आहे हा प्रश्नच मुळात अपुरा पडतो. ८६ अब्जांच्या आसपास असलेल्या मज्जापेशींपैकी डोपामिन स्रवणाऱ्या पेशी अवघ्या काही लाख आहेत. त्यांचे मार्ग वेगवेगळे आहेत. एक गतीचे नियमन करतो, दुसरा प्रवृत्तीचे, तिसरा विचार व नियोजन यांचे, तर चौथा स्तन्याशी संबंधित संप्रेरकाला आवर घालतो. ग्राहींचेही पाच प्रकार आहेत. एका मार्गात उणीव असताना दुसऱ्यात अतिरेक होऊ शकतो.

डोपामिन हे 'आनंदद्रव्य' आहे ही लोकप्रिय समजूतही अशीच उथळ आहे. वुल्फ्राम शुल्त्स यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत फळांचा रस अनपेक्षितपणे मिळाला की डोपामिनच्या पेशी उद्दीपित होत. रस मिळण्यापूर्वी दिव्याची खूण देण्याची सवय लावल्यावर त्या पेशी रसाला नव्हे तर दिव्याला प्रतिसाद देऊ लागल्या. आणि दिवा लागूनही रस न मिळाल्यास त्यांची क्रिया मंदावली. अपेक्षा आणि प्राप्ती यांच्यातील फरकाची ती जणू खतावणी आहे. डोपामिन जवळजवळ नष्ट केलेल्या उंदरांच्या जिभेवर साखर ठेवली असता ते ती आवडीने चाखतात. उठून साखरेपर्यंत जाणे मात्र त्यांच्याने होत नाही. हे पाहिले म्हणजे २०१९ च्या सुमारास शहरी तरुणांत पसरलेल्या 'डोपामिनच्या उपवासा'विषयी फार काही लिहिण्याची आवश्यकता उरत नाही.

आता आपल्या शास्त्राकडे वळू. प्रकृती आणि डोपामिन ही एकच गोष्ट आहे असे म्हणणारा वैद्य आयुर्वेदाला आधुनिक करीत नाही, तो आयुर्वेदाचा मूळ सिद्धान्तच सोडून देतो, असे आमचे मत आहे. सुश्रुतांनी शारीरस्थानाच्या चौथ्या अध्यायात प्रकृती आयुष्यभर पालटत नाही असे सांगितले आहे. उलट डोपामिनच्या दुसऱ्या प्रकारच्या ग्राहींची संख्या तारुण्यानंतर दर दशकागणिक काही टक्क्यांनी घटत जाते, हे वारंवार आढळलेले आहे. जे वयानुसार घटते, औषधाने वाढते आणि अपेक्षाभंगाने क्षणात उतरते, ते प्रकृती कसे असेल? शिवाय चरकांनी शरीरप्रकृती आणि सत्त्व यांची गल्लत केलेली नाही. विमानस्थानाच्या आठव्या अध्यायातील दशविध परीक्षेत प्रकृती आणि सत्त्व या दोन स्वतंत्र परीक्षा आहेत. शारीरस्थानाच्या चौथ्या अध्यायात सत्त्वाचे सात शुद्ध, सहा राजस आणि तीन तामस असे सोळा प्रकार वर्णिले आहेत. इंद्रियस्थानाच्या आरंभी तर प्रकृती जातीने, कुलाने, देशाने, काळाने, वयाने आणि प्रत्येकाच्या स्वतःच्या वैशिष्ट्याने कशी निरनिराळी दिसते याचा विचार आहे. मानवी स्वभावाकडे इतक्या बाजूंनी पाहणाऱ्या ग्रंथकारांच्या वारसांनी तो एका रेणूवर आणून ठेवावा, हा विरोधाभास आम्हांस खटकतो.

प्रकृतीचा आधुनिक साधनांनी अभ्यास होऊच नये, असे मात्र आम्ही म्हणत नाही. पुण्यात डॉ. भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये, दिल्लीच्या जनुकशास्त्र संस्थेतील गटाने २००८ मध्ये आणि पुढे २०१५ मध्ये आणखी एका मोठ्या गटाने प्रकृती व जनुके यांचा संबंध तपासला. या शेवटच्या अभ्यासात ३४१६ पुरुषांमधून निवडलेल्या २६२ जणांच्या जनुकांची छाननी झाली आणि पित्तप्रकृतीशी संबंधित असे जे जनुक ठळकपणे पुढे आले, ते शर्करेच्या चयापचयाशी निगडित होते. हे काम संथ आहे, मर्यादित आहे आणि म्हणूनच आदरास पात्र आहे. त्यातून डोपामिन म्हणजे अमुक प्रकृती असा निष्कर्ष निघत नाही.

प्रश्न केवळ तात्त्विक असता तर तो परिसंवादापुरता सोडून देता आला असता. पण चिकित्सालयात त्याचे परिणाम दिसतात आणि ते सर्वाधिक ठळकपणे दिसतात कंपवाताच्या रुग्णांत. या रुग्णांना दिल्या जाणाऱ्या औषधांत 'डोपामिन ॲगोनिस्ट' नावाचा एक वर्ग आहे; प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल ही त्यांतली नावे. अमेरिका व कॅनडा येथील ३०९० रुग्णांची पाहणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात १३.६ टक्के रुग्णांमध्ये जुगार, अनिवार खरेदी, अतिकामुकता किंवा अनावर खाणे यांपैकी किमान एक विकृती आढळली. ॲगोनिस्ट घेणाऱ्यांत हे प्रमाण १७.१ टक्के, तर न घेणाऱ्यांत ६.९ टक्के होते. आयुष्यभर काटकसरीने राहिलेला निवृत्त मनुष्य लॉटरीची तिकिटे लपवून आणू लागतो, आणि घरचे लोक शरमेने कोणाकडे बोलत नाहीत. असा रुग्ण आपल्यापुढे आल्यास 'राजस प्रकृती' असे लिहून मोकळे होणे, ही केवळ निदानातील चूक ठरत नाही. त्या कुटुंबाची ती फसवणूक होते. ही प्रकृती नसून विकृती आहे, औषधजन्य आहे आणि मज्जारोगतज्ज्ञाच्या देखरेखीखाली औषधाची मात्रा कमी केल्यावर बहुधा उतरते. रुग्णाने हे औषध एकदम थांबवणे मात्र घातक ठरू शकते. रुग्ण आजारापूर्वी कसा होता, हे घरच्यांना शांतपणे विचारण्याची आणि त्याच्या मूळ स्वभावाचे टिपण ठेवण्याची जी सवय दशविध परीक्षेने आपल्याला लावली आहे, ती येथे यंत्राहून अधिक उपयोगी पडते.

अशाच रुग्णाच्या हाती कपिकच्छूचे चूर्ण पडते तेव्हा काय होते, हे औषधविक्रेत्या सभासदांनी विशेषत्वाने पाहावे. कपिकच्छूचे कंपवातावरील गुण आम्ही नाकारीत नाही. मुंबईच्या डॉ. अशोक वैद्य यांच्या गटाने १९७८ मध्ये त्यावरील अनुभव प्रसिद्ध केला होता. १९९५ मध्ये ६० रुग्णांवरील बहुकेंद्री अभ्यास झाला. २००४ मध्ये लंडनमध्ये आठ रुग्णांना ३० ग्रॅम चूर्णाची मात्रा एकदाच देऊन प्रमाणित गोळीशी तुलना केली, तेव्हा चूर्णाचा परिणाम लवकर सुरू झाला आणि अधिक काळ टिकला. आठ रुग्णांवरून सिद्धान्त होत नाही, तरी हे निरीक्षण मोलाचे आहे. याला दुसरी बाजूही आहे. बोलिव्हियात १४ रुग्णांना १६ आठवडे कपिकच्छू दिले असता सात जणांनी ते मध्येच सोडले. चौघांनी पोटाच्या तक्रारींमुळे आणि तिघांनी हालचाली बिघडल्यामुळे.

आता साधा हिशेब करू. वरील अभ्यासांत वापरलेल्या चूर्णाच्या साडेसात ग्रॅमच्या पुडीत सुमारे २५० मिलिग्रॅम लेवोडोपा होते, म्हणजे तीन टक्क्यांहून किंचित अधिक. आयुर्वेदीय औषधकोशातील तीन ते सहा ग्रॅम ही मात्रा धरल्यास रुग्णाच्या पोटात १०० ते २०० मिलिग्रॅम लेवोडोपा जाते. निरोगी माणसात यातील बहुतांश भागाचे मेंदूपर्यंत पोहोचण्यापूर्वीच डोपामिन होऊन जाते. आणि तयार डोपामिन रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही. त्यामुळे या मात्रेचा सामान्य माणसाच्या मेंदूवर ठळक परिणाम सहसा दिसत नाही. परंतु कंपवाताचा रुग्ण जी गोळी घेतो तिच्यात लेवोडोपाबरोबर कार्बिडोपाही असते. लेवोडोपा वाटेत खर्ची पडू नये यासाठीच ती योजलेली असते आणि ती आपल्या चूर्णातील लेवोडोपालाही तेच संरक्षण देते. मग 'सौम्य वनौषधी' म्हणून दिलेले सहा ग्रॅम चूर्ण त्या रुग्णापुरते जवळजवळ आणखी एका गोळीसारखे काम करू शकते. अनैच्छिक हालचाली, भास, उभे राहताच येणारी चक्कर ही लक्षणे मग कोणाच्या खाती मांडावयाची?

येथे दुधाचाही विचार हवा. बी दुधात शिजवून टरफल काढणे आणि दुधासह सेवन करणे ही परंपरागत रीत आहे. प्रथिनांतील काही घटक लेवोडोपाच्या शोषणात अडथळा आणतात, हे सर्वमान्य आहे. परंपरेने निवडलेले अनुपान मात्रेची धार काहीशी बोथट करीत असावे, असा आमचा तर्क आहे. तेच द्रव्य घनसार करून, लेवोडोपाचे प्रमाण १५ किंवा ४० टक्क्यांवर नेऊन, कॅप्सूलमध्ये भरून पाण्याबरोबर दिले, तर ते भावप्रकाशाने गुरू, बृंहण आणि वातहर म्हणून वर्णिलेले कपिकच्छू राहते काय? अमेरिकेत २०२२ मध्ये अशा १६ उत्पादनांची तपासणी प्रसिद्ध झाली. एका सेवनमात्रेतील लेवोडोपा कोणात २ मिलिग्रॅम, तर कोणात २४१ मिलिग्रॅम निघाले. आपल्याकडील लेबलांवर चूर्णाचे वजन असते, लेवोडोपाचे प्रमाण क्वचितच असते. कुचला, वत्सनाभ यांच्याप्रमाणे कपिकच्छू हे विषारी द्रव्यांच्या अनुसूची ई-१ मध्ये नाही, त्यामुळे वैद्यकीय देखरेखीची सूचनाही छापावी लागत नाही. ग्राहकाने फळीवरून उचलावे आणि पैसे द्यावेत, इतकी ती वस्तू सोपी झाली आहे.

मनोविकारावर औषधे घेणारा रुग्ण हा दुसरा धोक्याचा गट होय. भास व संशय यांवरील बहुतेक औषधे डोपामिनचे कार्य रोखतात. अशा तरुणाला 'मन लागत नाही' म्हणून कोणी कपिकच्छू दिले, तर दोन औषधे एकमेकांविरुद्ध ओढतात आणि आजार उलटण्याची शक्यता असते. काही जुन्या प्रकारच्या विषण्णताविरोधी औषधांबरोबर लेवोडोपा घेतल्यास रक्तदाब एकाएकी भडकतो. याच न्यायाने सर्पगंधेची वटी कंपवाताच्या किंवा विषण्णतेच्या रुग्णास देणे अनुचित आहे, हे वेगळे सांगावयास नको. तरी रक्तदाबाची जुनी चिठ्ठी दाखवून ती अद्यापही नेली जाते.

आपल्या संघटनेने या बाबतीत पुढाकार घ्यावा, अशी आमची सूचना आहे. कपिकच्छूच्या प्रत्येक उत्पादनावर एका मात्रेतील लेवोडोपाचे मिलिग्रॅम छापावेत, अशी मागणी औषध प्रशासनाकडे व निर्मात्यांकडे लेखी करण्यात यावी. ज्यांचे मोजमाप उपलब्ध नाही, अशा घनसारांची खरेदी सभासद दुकानदारांनी तूर्त थांबवावी. विक्रीच्या वेळी 'हातपाय थरथरण्यावर किंवा मनाच्या आजारावर काही गोळ्या चालू आहेत का?' एवढा एक प्रश्न विचारण्यास अर्धे मिनिट पुरते. उत्तर होकारार्थी आल्यास ग्राहकास वैद्याकडे पाठवावे. वैद्यांनी केसपेपरवर कपिकच्छूची मात्रा, अनुपान आणि इतर पॅथीची चालू औषधे या तिन्हींची नोंद करावी. आयुष मंत्रालयाने २०१७-१८ पासून आयुर्वेदीय औषधांच्या अनिष्ट परिणामांच्या नोंदीची देशव्यापी व्यवस्था उभारली असून दिल्लीची अखिल भारतीय आयुर्वेद संस्था तिचे केंद्र आहे. तिचे नोंदपत्रक प्रत्येक सभासदाच्या टेबलावर असावे आणि कपिकच्छू घेणाऱ्या रुग्णात भास, अनैच्छिक हालचाली किंवा स्वभावातील अचानक पालट दिसल्यास ते त्याच आठवड्यात भरून पाठवावे.